केस लावण्याआधी ते उतरवणार कोण, हे ठरवा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे माझ्याकडून काही चुकीचं समजलं गेलं असेल तर कळेल. तुम्ही साताऱ्याला असता. सप्टेंबरमध्ये डेंग्यू झाला, डिसेंबरपासून केस मुठीमुठीने गळायला लागले. शेंडे फार विरळ दिसायला लागले म्हणून कंबरेपर्यंतची वेणी कापून तुम्ही खांद्याखाली चार बोटांवर आणलीत. मे महिन्यात लग्न आहे. ओळखीच्या पार्लरमध्ये सांगितलं, "परमनंट एक्स्टेन्शन लावून टाका, सहा महिने बघायला नको." एक्स्टेन्शन म्हणजे स्वतःच्या केसांना जोडायचे विकतचे केस. आता ते जोडायच्या टेप, रिंग की केराटिन या प्रकारांतलं काय घ्यायचं आणि चांगली स्टायलिस्ट ओळखायची कशी, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. जाता जाता तुम्ही आणखी दोन गोष्टी लिहिल्यात: रोज स्कूटरवरून ऑफिसला जाता, आणि लग्नानंतर चिपळूणला राहायला जाणार आहात. माझ्या मते या शेवटच्या दोन ओळी तुमच्या मुख्य प्रश्नाइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

मी पुण्यात १९ वर्षं केसांचं काम करते आहे, त्यातली १२ वर्षं एक्स्टेन्शनचं. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुली "कोणता प्रकार चांगला?" हेच पहिल्यांदा विचारतात, आणि मी उत्तर देण्याआधी त्यांचा भांग पाडून टाळू बघते. कारण प्रकार कुठलाही घ्या, तो लटकणार आहे तुमच्याच केसांवर. त्या केसांना भार पेलवणार आहे का, हा खरा पहिला प्रश्न. तुमच्या बाबतीत तर तोच सगळ्यात मोठा आहे.

डेंग्यू, टायफॉइड, मोठं ऑपरेशन किंवा बाळंतपण यानंतर शरीर एकाच वेळी खूप केसांना विश्रांतीत पाठवतं. विश्रांतीतला केस साधारण तीन महिने मुळाशी नुसता टिकून राहतो आणि मग गळतो. म्हणून ताप विसरून गेल्यावर, दोन-तीन महिन्यांनी गळती सुरू होते आणि माणूस घाबरतो. तुम्ही दिलेले महिने याच्याशी जुळतात. ही गळती बहुतेकींची काही महिन्यांत आपोआप थांबते आणि त्याच मुळातून नवा केस येतो. पण हे निदान करणं माझं काम नाही. त्वचारोगतज्ज्ञांना एकदा टाळू दाखवा. ते हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड तपासायला सांगतील. लोह कमी असेल तर जगातलं सगळ्यात महागडं एक्स्टेन्शन लावलं तरी खालून केस जातच राहणार, आणि लावलेली पट्टी हातात येईल ती तुमच्या केसांसकट.

आता मे महिन्याचं गणित करू. केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतो. तुमचे नवे केस जानेवारीत निघायला लागले असतील तर लग्नापर्यंत ते ४-५ सेंटीमीटरचे होतील. कपाळावर आणि भांगाच्या दोन्ही बाजूंना उभे राहतात ना, तेच. हे केस दिसायला नको वाटतात, पण तुमची पुढची वेणी त्यांचीच होणार आहे. टेप किंवा केराटिनच्या जोडात असे आखूड केस सापडले की ते एका टोकाला चिकटून बसतात आणि कंगवा फिरवताना, कूस बदलताना, हेल्मेट काढताना प्रत्येक वेळी ओढले जातात. मोठा केस ही ओढ सहन करतो. नुकता आलेला केस तुटतो.

वजनाचंही तसंच. टेपची एक पट्टी साधारण ४ सेंटीमीटर रुंद आणि २.५ ग्रॅमच्या आसपास असते. एक खाली, एक वर आणि मध्ये तुमच्या केसांची पातळ बट, असं ते सँडविच. म्हणजे त्या एका पातळ बटेवर ५ ग्रॅम. ऐकायला काहीच वाटत नाही. पण ते दिवसरात्र, झोपेतसुद्धा लटकत असतं. जाड, निरोगी बटेला याचं काही वाटत नाही. गळतीत निम्मी झालेली बट मात्र ती ओढ मुळापर्यंत नेते. सतत ओढ बसून केस जाण्याला डॉक्टर ट्रॅक्शन अॅलोपेशिया म्हणतात. लवकर लक्षात आलं आणि ओढ थांबली तर केस परत येतात. फार काळ चालू राहिलं तर मूळच मरतं आणि ती जागा कायमची मोकळी होते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. एक्स्टेन्शन शिकल्यानंतरच्या तिसऱ्या वर्षी मी एका नवरीला टेप लावले होते. तिच्या कानांमागचे केस विरळ होते, ते मला दिसत होतं. तिला चेहऱ्याजवळ भरगच्च हवं होतं आणि मी नाही म्हटलं नाही. सात आठवड्यांनी पट्ट्या काढल्या तेव्हा दोन्ही कानांमागे रुपयाएवढी जागा उघडी पडली होती. ते केस यायला आठ महिने लागले. ती मुलगी माझ्यावर चिडली नाही, "ताई, मीच मागितलं होतं" म्हणाली, आणि त्याने मला जास्तच लागलं. मागणं तिचं काम होतं, थांबवणं माझं. तेव्हापासून कानशिलं, कानांमागचा भाग आणि मानेवरची लव यांना मी जोड लावत नाही. कोणी कितीही आग्रह केला तरी नाही.

म्हणून "परमनंट" हा शब्द मनातून काढून टाका. असं काही नसतंच. तुमचा केस वाढतो तसा जोड खाली सरकतो. दोन महिन्यांत तो टाळूपासून २ सेंटीमीटर खाली आलेला असतो. तिथे तो फिरायला लागतो, पिळला जातो, आजूबाजूचे केस गुंततात. त्यामुळे टेप ६ ते ८ आठवड्यांत काढून पुन्हा वर लावावे लागतात, रिंगही साधारण तितक्याच काळात वर सरकवाव्या लागतात, केराटिनचे बाँड ३-४ महिन्यांत उतरवावे लागतात. "सहा महिने बघायला नको" असं जिने सांगितलं, तिने एक तर सहा महिन्यांनी कोणाचे केस उतरवलेले नाहीत, किंवा उतरवायला लोक तिच्याकडे परत येत नाहीत.

प्रकारांबद्दल आता बोलते, कारण वरचं सगळं समजल्याशिवाय त्याला अर्थ नव्हता. केराटिनचा बाँड म्हणजे एकेक बारीक बट गरम चिमट्याने तुमच्या बटेला चिकटवायची. सगळ्यात मोकळं, सगळ्यात नैसर्गिक दिसतं, अंबाडा घाला नाहीतर पोनी बांधा, जोड दिसत नाही. पण बसवायला चार-पाच तास, काढायला खास द्रव आणि पक्कड, आणि काढणारी अधीर असेल तर नुकसान इथेच सगळ्यात जास्त. रिंगमध्ये चिकट काही नसतं, उष्णताही नसते. सिलिकॉनचं अस्तर असलेली छोटी धातूची कडी दाबून बसवतात. निसरड्या, जाड केसांना छान. पातळ केसांत कडी भांगातून डोकावते आणि उशीला टोचते. ऑफिसमध्ये कोणाला सांगायची गरज नाही, पण एमआरआय करायची वेळ आली तर तंत्रज्ञाला डोक्यात धातू आहे हे सांगायलाच हवं. टेप पातळ केसांवर चपटा बसतो, तासा-दीड तासात लागतो, म्हणून पार्लरवाल्यांचा आवडता. त्याचा शत्रू तेल. वेफ्ट, म्हणजे केसांची लांब झालर मण्यांच्या ओळीवर शिवून बसवतात, ती भरपूर केस असलेल्यांसाठी. तुमच्यासाठी ती मी विचारातही घेणार नाही.

आणि क्लिपचे. आपल्या आज्या गंगावन लावायच्या आठवतं? सकाळी वेणीत गुंफायचं, रात्री सोडून खुंटीला अडकवायचं. त्या एका सवयीत सगळं शहाणपण होतं: रात्री डोकं मोकळं. क्लिप-इन हे त्याच गंगावनाचं आजचं रूप आहे. लावायला दहा मिनिटं, काढायला दोन. ओढ बसते ती फक्त काही तास. माझा सल्ला इथेच सांगून टाकते: मे महिन्यापर्यंत तुम्ही डोक्यावर कायमचं काहीही बसवू नका. लग्नासाठी चांगल्या खऱ्या केसांचा क्लिप-इन संच घ्या. पुढे दिवाळीपर्यंत गळती पूर्ण थांबली, नवे केस बोटभर झाले आणि तेव्हाही हवंसं वाटलं, तर हलके टेप, ५० ग्रॅमच्या आसपास, एवढाच विचार करा.

टाळू बघितल्याशिवाय मी यापेक्षा ठाम बोलू शकत नाही. तुमचे केस मुळात जाड असतील, गळतीनंतरही पोनीटेल अंगठ्याएवढी भरत असेल, तर एखादी चांगली स्टायलिस्ट मागच्या मधल्या भागात थोडे टेप लावायला तयार होईल आणि ती चूक असेलच असं नाही. पण ते ठरवणारी व्यक्ती तुमच्या डोक्याला हात लावून ठरवणारी हवी. फोटोवरून नको.

त्यावरून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, आणि माझ्यासाठी हा जास्त जिव्हाळ्याचा आहे. चांगली स्टायलिस्ट कशी ओळखायची? सगळे जण लावल्यानंतरचे फोटो बघतात. लावल्याच्या दिवशी सगळ्यांचंच काम सुंदर दिसतं. ड्रायर फिरवलेला असतो, कुरळं केलेलं असतं, दिवे चांगले असतात. तुम्ही तिला विचारा, "सात-आठ आठवड्यांनंतरचे फोटो आहेत का? आणि काढल्यानंतर त्या मुलीचे स्वतःचे केस कसे होते, ते दाखवता का?" जिच्याकडे हे आहे ती आनंदाने दाखवेल. जिच्याकडे नाही ती विषय बदलेल. पुढचा प्रश्न: "तुम्ही काढता कसे, मला सांगाल?" टेपला काढायचा द्रव लावून थांबावं लागतं, मग पट्टी स्वतःहून सुटते, केराटिनचा बाँड द्रवात भिजवून पकडीने चुरावा लागतो, रिंग ज्या बाजूने चपटी केली त्याच्या आडव्या बाजूने दाबून उघडावी लागते. कुठेही ओढायचं नसतं. "काही नाही हो, असं ओढलं की निघतं" असं उत्तर आलं तर पर्स उचला आणि निघा.

लावायला शिकवणारे एक-दोन दिवसांचे वर्ग गल्लोगल्ली आहेत. बरेचसे केस विकणारेच चालवतात, त्यामुळे त्यात विकण्यावर भर असतो. भिंतीवरचं प्रमाणपत्र बघा जरूर. आयटीआयचा अभ्यासक्रम असेल, ब्यूटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलचं असेल, तर निदान पाया पक्का आहे असं समजायला हरकत नाही. पण प्रमाणपत्रापेक्षा तिच्या हाताचा सराव मोठा. "महिन्यात किती जणींना लावता?" असं सरळ विचारा. वर्षातून लग्नसराईत दोनदा लावणारी आणि दर आठवड्याला लावणारी यांच्या बटा घेण्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. बट फार पातळ घेतली तर मूळ ओढलं जातं, फार जाड घेतली तर पट्टी निसटते. हे प्रमाण बोटांना कळावं लागतं.

पहिल्या भेटीत ती काय करते याकडे लक्ष द्या. तिने तुमचे केस विंचरून बघितले का, की थेट रंगाचा तक्ता काढला? ताप, औषधं, बाळंतपण, टाळूची खाज, आधी केलेलं स्मूदनिंग याबद्दल विचारलं का? कशाची अॅलर्जी आहे का, हे विचारलं का? रंग जुळवताना तुम्हाला खिडकीपाशी नेलं का? पिवळ्या दिव्याखाली सगळे काळे सारखेच दिसतात. तक्त्यात १ नंबर म्हणजे काळाभोर, १बी म्हणजे नैसर्गिक काळा. आपल्याकडच्या बहुतेकींना १बी किंवा २ नंबरचा गडद तपकिरी लागतो. आणि रंग जुळवायचा तो तुमच्या शेंड्यांशी, मुळाशी नाही, कारण जोड जिथे मिसळतो तिथे शेंडे असतात. ती तुमच्या शेंड्यांना काही लेयर देणार आहे का, हेही विचारा. सरळ आडवे कापलेले आखूड केस आणि खाली लोंबणारे लांब केस, मध्ये स्पष्ट पायरी, हे अर्धवट कामाचं लक्षण आहे. मोबाइलवर दुरूनही दिसतं.

सगळ्यात मोठी खूण मात्र वेगळीच आहे. तिने आजवर कोणाला नाही म्हटलंय का? विचारून बघा: "कोणाला एक्स्टेन्शन लावू नये?" चांगली स्टायलिस्ट या प्रश्नावर दहा मिनिटं बोलेल. ताज्या गळतीवाल्यांना नको, टाळूवर जखम किंवा बुरशी असेल तर नको, केस ओढायची सवय असेल तर नको, केमोथेरपीतून नुकत्याच बाहेर आलेल्यांना जोड नको तर टॉपर (फक्त माथ्यावर बसवायचा छोटा टोप) किंवा विग द्या, असं ती सांगेल. "सगळ्यांना चालतं" हे उत्तर म्हणजे धोका.

माझ्याकडे दोन वर्षांपूर्वी एक बाई आल्या होत्या. दुसऱ्या शहरात टेप लावले, दोन महिन्यांनी ती लावणारी मुलगी पार्लर सोडून गेली, दुसऱ्या कोणी हात लावायला तयार होईना. बाईंनी पाच महिने तसेच ठेवले. मागे मानेजवळ सगळ्या पट्ट्या एकमेकींत गुंतून तळहाताएवढी जट झाली होती. दोन दिवसांत मिळून सहा तास आम्ही दोघी मोठ्या दाताची फणी आणि कंडिशनर घेऊन एकेक केस सोडवत बसलो होतो. कात्री लावली नाही, पण अर्धी जागा विरळ झालीच. त्या बाईंची चूक एवढीच, की लावताना "काढणार कोण" हे त्यांनी विचारलं नव्हतं. तुमचं चिपळूणला जाणं वाचलं आणि मला पहिल्यांदा त्याच आठवल्या. मेच्या पहिल्या आठवड्यात साताऱ्यात टेप लावलेत, तर काढायची वेळ येणार जून-जुलैमध्ये. नवं घर, नवी माणसं, कोकणातला मुसळधार पाऊस, आणि तुम्हाला घाट चढून साताऱ्याला यायचंय फक्त पट्ट्या काढायला. त्या पावसात जोडाजवळचे केस दिवस दिवस वाळत नाहीत. ओलसर टाळूला वास येतो, खाज सुटते.

काढल्यावर हातात केसांचा पुंजका येतो, त्याला मात्र घाबरू नका. रोज ५० ते १०० केस प्रत्येकाचे गळतात. म्हणजे दोन महिन्यांत ३,००० ते ६,०००. एरवी ते कंगव्यात, मोरीत जातात. जोडात अडकलेले तिथेच राहतात आणि एकदम दिसतात. त्यातले चार केस उजेडात धरा. टोकाला पांढरा बारीक ठिपका असेल तर तो केस आपल्या वेळेने गळलेला. ठिपका नसेल, दोन्ही टोकं सारखी असतील, तर तो तुटलेला. तुटलेले जास्त असतील तर लावण्यात किंवा काढण्यात चूक झाली आहे, आणि हे तुम्ही स्टायलिस्टला तिथल्या तिथे दाखवू शकता.

क्लिप-इन घ्यायचे ठरवलेत तर केस कसे निवडायचे, हेही समजून घ्या. तिरुपती बालाजीला, तिरुमलाच्या कल्याणकट्ट्यावर भाविक डोकं भादरतात, ते केस देवस्थान लिलावात विकतं. तिथली लांब वेणी एकाच वेळी उतरते, म्हणून मूळ एकीकडे आणि शेंडा एकीकडे ठेवणं शक्य होतं. केसावर माशासारखे खवले असतात, सगळे मुळाकडून शेंड्याकडे झुकलेले. सगळ्या केसांचे खवले एकाच दिशेने असतील तर तो रेमी केस. याउलट, गल्लीत "केसांवर भांडी, केसांवर फुगे" असं ओरडत येणाऱ्यांना आपण कंगव्यातले गुंते देतो, त्यात मूळ-शेंडा सगळं उलटसुलट. ते गुंतू नयेत म्हणून आम्लात धुऊन खवले काढून टाकतात आणि वर सिलिकॉन चढवतात. दुकानात ते रेमीपेक्षाही चमकतात. चार धुण्यांत सिलिकॉन जातं आणि हातात राहतो केरसुणीसारखा झुपका. म्हणून चमक बघून घेऊ नका. एक बट चिमटीत धरा आणि बोटं शेंड्याकडून मुळाकडे न्या. रेमी केस थोडा अडेल, खरखरेल, उलट दिशेने सरळ घसरेल. दोन्हीकडे काचेसारखा गुळगुळीत लागला तर शंका घ्या. दोन-तीन केस काढून जाळून बघता आले तर उत्तम: खरा केस जळक्या पिसासारखा वास देतो आणि बोटांत चुरतो, नायलॉनचा वितळून गोळी होते.

लांबीचा मोह आवरा. खांद्याखाली चार बोटं केस असतील तर १८ इंचांचे पुरतात. २४ इंच घेतले तर खालची टोकं तुमच्या केसांपासून तुटलेली दिसतात. वजन १२० ग्रॅमच्या आसपास असू द्या, आणि डबल ड्रॉन आहेत का विचारा, म्हणजे शेंड्यापर्यंत दाट असतात. थोडे महाग पडतात, पण विरळ शेंडे लपवायलाच तर तुम्ही हे घेताय. पातळ केसांत क्लिप घसरते; बसवण्याआधी मुळाशी थोडं टीझिंग करायचं, म्हणजे उलटा कंगवा फिरवून केस फुगवायचे, किंवा बारीक तीन पेडांची वेणी घालून तिच्यात क्लिप अडकवायची. आजीचं गंगावन असंच बसायचं. हेल्मेट घालून क्लिप लावून जाऊ नका. कवटीवर दाबून टोचतं आणि काढताना क्लिप केस घेऊन येते. ऑफिसला मोकळंच जा.

पाण्याचं विचारलं नाहीत, तरी सांगते. नळाच्या तोंडाशी पांढरी पुटं चढत असतील, साबणाला फेस येत नसेल, तर पाणी जड आहे. विकत घेतलेल्या केसांना टाळूचं तेल मिळत नाही, म्हणून जड पाण्याने ते आपल्या केसांपेक्षा लवकर राठ होतात. संच धुताना शेवटचे दोन तांबे पिण्याच्या पाण्याचे घ्या. पंधरा-वीस वेळा वापरल्याशिवाय धुवायची गरजही नसते. विंचरायचं नेहमी शेंड्यांकडून वर, आणि इस्त्री १८० अंशांच्या वर नको. तुमच्या स्वतःच्या डोक्याला मात्र आठवड्याचं खोबरेल खुशाल चालू ठेवा. जोड नसल्याचा हा एक मोठा फायदा.

पैशांचं थोडक्यात. क्लिपचा चांगला संच काही हजारांत येतो आणि नीट ठेवला तर वर्षभराहून जास्त टिकतो. टेप-केराटिनचा भाव विचाराल तेव्हा चार आकडे वेगवेगळे मागा: केसांचे, लावण्याचे, दर वेळी वर घेण्याचे आणि शेवटी काढण्याचे. शेवटचा आकडा बहुतेक जणी सांगतच नाहीत. पहिल्या आठवड्यात पट्टी गळली तर फुकट लावून देणार का, हेही लिहून घ्या.

लग्नाच्या दिवसाचं आता. मुहूर्ताला नऊवारी आणि अंबाडा किंवा खोपा असेल, तर लांबीची गरजच नाही, भरीव आकाराची आहे. संचातल्या दोन रुंद पट्ट्या आत गुंडाळून वर तुमचे केस बसवले की अंबाडा भरतो. गजऱ्याचं वजन त्या आतल्या पट्ट्यांनी घ्यावं, तुमच्या केसांनी नाही. पिन तिथेच खोवायला सांगा. मुंडावळ्यांची दोरी कानशिलांवरून जाते, तिथे क्लिप नको. हळदीला संच लावूच नका, हळदीचा पिवळेपणा शेंड्यांतून लवकर जात नाही. स्वागत समारंभाला केस मोकळे सोडायचे असतील तर तेव्हा पूर्ण संच.

एप्रिलच्या सुरुवातीला ट्रायल घ्या. जाताना त्या दिवशीचं ब्लाउज, मुंडावळ्या आणि तुमचा संच तिघंही बरोबर न्या, आणि केस करून झाल्यावर लगेच घरी येऊ नका. तीन तास तसेच बसा, जेवा, मान वाकवून कोणाच्या तरी पाया पडा. कुठे टोचलं, कुठे ओढलं, ते बोटाने दाखवा आणि तिथली क्लिप हलवून घ्या. त्याच दिवशी आईला किंवा बहिणीला समोर उभं करून सगळं उतरवायला शिकवा, कारण लग्नाच्या रात्री बारा वाजता स्टायलिस्ट तिथे नसेल. चिपळूणला जाताना संच मऊ पिशवीत, शेंडे सरळ ठेवून न्या, आणि फेरिटिनचा रिपोर्टही बरोबर असू द्या. पावसाळ्यानंतर टाळू पुन्हा दाखवायला तिथल्या डॉक्टरांना तो लागेल.